जुनी फियाट, नवे इंजिन : पाना हाती घेण्याआधी वही हाती घ्या

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे हद्दपार झाली. ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली ती शेवटची काळी-पिवळी. वीस वर्षांची मुदत भरली आणि तिचा परवाना संपला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी दोन दिवस आठवणी काढल्या. पण ज्या मिस्त्रींची उभी हयात फियाटची इंजिने उघडण्यात आणि बसवण्यात गेली, त्यांच्या धंद्याचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही. त्यांच्याबरोबर बोअरिंगवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, व्हॉल्व सीट कापणारा, जुन्या स्पेअर पार्टचा दुकानदार आणि भंगारवाला अशी सगळी साखळी जोडलेली होती. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण या साखळीत आहेत, म्हणून आज हा विषय.

टॅक्सी गेली, तरी फियाट संपलेली नाही. उलट एक नवे गिऱ्हाईक दारात येऊ लागले आहे. कोणी डॉक्टर आहे, कोणी संगणक कंपनीत आहे, कोणी आखातात दहा-पंधरा वर्षे काढून परतला आहे. वडिलांची किंवा आजोबांची फियाट गॅरेजात ताडपत्रीखाली पडलेली असते. त्याला ती नुसती चालू करून नको असते, तो म्हणतो, "उस्ताद, इंजिन असे बनवा की बघणाऱ्याने बघत राहावे." त्याच्याकडे पैसा आहे, हौस आहे आणि मुख्य म्हणजे घाई नाही. टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळी हवी असे, कारण एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवस चूल थंड. या गिऱ्हाइकाचे तसे नाही.

असे असूनही या कामात बुडालेली गॅरेजे आम्ही पाहिली आहेत. सहा महिन्यांचे काम दोन वर्षे चालते, गाडी जागा अडवून बसते, गिऱ्हाईक रोज फोन करते, मजुरी ठरलेली असते त्यापेक्षा दुप्पट दिवस जातात आणि शेवटी दोघांचे तोंड वाकडे. कारागिरी कमी पडली म्हणून असे होते असे आम्हाला वाटत नाही. हातात कसब आहेच. कमी पडते ती आखणी. टॅक्सीचे इंजिन काम म्हणजे दुरुस्ती. जे झिजले ते बदलायचे. खास इंजिन बांधणे म्हणजे आधी ठरवायचे, मग मोजायचे, मग सामान जमवायचे आणि सर्वांत शेवटी पाना लावायचा.

इंजिनाची कुंडली

फियाटचे हे इंजिन किती जुने आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १०८९ सी.सी. हा हिशेब १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या गाडीत प्रथम आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० काढली. १९६४ ची डिलाइट, नंतरची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, सर्वांच्या पोटात तोच ६८ बाय ७५. म्हणजे साठ-पासष्ट वर्षे एकाच मापाचे इंजिन बनत राहिले. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर, क्रँकला तीन मेन बेअरिंग, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मिस्त्रीने डोळे मिटून उघडावे असे साधे यंत्र.

याच इंजिनातून इटलीत काय काय काढले गेले, हे गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे. कारण त्यावरूनच योजना ठरते. १९५३ च्या साध्या फियाट ११०० ला ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी फियाटने टी.व्ही. नावाची वेगवान आवृत्ती काढली. बोअर तोच, स्ट्रोक तोच, पण दुहेरी घशाचा वेबर कार्ब्युरेटर, वाढवलेले कॉम्प्रेशन अशा बदलांनी ताकद पन्नासच्या आसपास गेली. १९५७ च्या १२०० ग्रानलुचे या गाडीत बोअर ७२ मिलिमीटर केला, स्ट्रोक ७५ च ठेवला, इंजिन १२२१ सी.सी.चे झाले आणि ५५ अश्वशक्ती मिळाली. आणि त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, चिसितालिया डी-४६ नावाच्या छोट्या शर्यतीच्या गाडीत हेच ११०० चे इंजिन बसवून साठच्या वर ताकद काढली होती. ती मात्र शर्यतीची गाडी. तिला भाजी आणायला जायचे नव्हते.

या आकड्यांत धंद्याच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट दडली आहे. ३६ वरून पन्नासपर्यंतची उडी बोअर न वाढवता मिळाली. पुढचा बोअर वाढवून मिळालेला फायदा त्या मानाने थोडा. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक आले की पहिला शब्द बोअरचाच निघतो.

पहिला प्रश्न कागदाचा

इंजिनाला हात लावण्याआधी गाडीचे पुस्तक पाहावे. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली, खासगी वापराची चारचाकी किंवा दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला नंबरात व्ही.ए. ही अक्षरे असलेली वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुढच्या नोंदणीची फी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. पहिल्या पद्मिनी १९७४ च्या, म्हणजे २०२४ पासून त्या या दारात उभ्या राहू लागल्या आहेत. डिलाइट तर केव्हाच पोचल्या.

पण याच नियमात एक अट आहे. गाडी मूळ रूपात राखलेली असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करून मोठी उलथापालथ केलेली नसावी. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला व्ही.ए. पाटीही हवी आणि १२२१ सी.सी.ही हवे, त्याला दोन्ही मिळणार नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगणे मिस्त्रीचे काम आहे. ब्लॉक बोअर करून झाल्यावर त्याला हे दुसऱ्या कोणाकडून कळले, तर तो मिस्त्रीलाच धरणार. आणि त्या वेळी आपल्याकडे उत्तर नसते.

व्हिंटेज नोंदणी नको असली तरी मोकळीक आहे असे नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कारखान्याने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठामपणे सांगितली. पुस्तकात १०८९ सी.सी. लिहिलेले असताना आत १२२१ असणे, किंवा दुसऱ्याच कंपनीचे इंजिन असणे, हा प्रश्न अपघाताच्या दाव्याच्या वेळी उभा राहतो. तेव्हा इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी, काम नंतर. कारखान्याने दिलेल्या ओव्हरसाइजपर्यंत बोअर करणे ही गोष्ट वेगळी. ती दुरुस्तीच आहे. ६९ मिलिमीटर बोअर झाला तर इंजिन ११२२ सी.सी.चे होते, आणि असे बोअर तर आयुष्यभर होत आले.

आणखी एक गोष्ट भंगाराच्या व्यापाऱ्यांसाठी. मोडीत गेलेल्या टॅक्सींची इंजिने आज दुसऱ्या इंजिनासाठी भाग काढायला घेतली जातात. घेणाऱ्याने बिल आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागितला तर रागावू नये. आपणच तो आधी जपून ठेवावा. ब्लॉकवरचा नंबर कोणत्याही परिस्थितीत घासू नये. हेड, क्रँक, मॅनिफोल्ड, जे पाहिजे ते काढा, नंबरवाला ब्लॉक मात्र मूळ गाडीचाच राहू द्या. हौशी माणसाच्या गाडीची निम्मी किंमत त्या नंबरातच असते.

मोजल्याशिवाय वचन नाही

कागद झाले की इंजिन खोलायचे, पण तेही तपासणीचे वेगळे काम म्हणून. आमचे स्पष्ट मत आहे की खोलून, धुऊन, मोजून लेखी अहवाल देण्याची स्वतंत्र मजुरी घ्यावी आणि पुढचा अंदाज त्यानंतरच द्यावा. बंद इंजिनाकडे बघून रक्कम सांगणे म्हणजे झाकलेल्या भांड्यात काय शिजले आहे ते न बघता दर लावणे.

ब्लॉकमध्ये प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही आडव्या दिशांनी डायल बोअर गेजने मोजावा. क्रँकच्या जर्नलची गोलाई आणि निमुळतेपणा मायक्रोमीटरने. क्रँक आधी कितव्या साइजला ग्राइंड झाली आहे ते वहीत लिहावे. दहा, वीस, तीस, चाळीस यांपैकी शेवटच्या साइजला असेल तर त्या क्रँकवर खास इंजिन बांधू नये, दुसरी शोधावी. दहा साइज म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, हे नव्या मुलांना सांगावे लागते. क्रँकला भेग आहे की नाही हे चुंबकीय तपासणीने कळते. डोळ्याने कळत नाही, कानानेही नाही.

७२ चा बोअर हवाच असा हट्ट असेल तर भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने चारी बाजूंनी मोजावी. हा मीटर आता छोट्या कारखान्यालाही परवडतो. ब्लॉक ओतताना आतली वाळूची गाभी जरा सरकली असेल तर एका बाजूला भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असते. वर चाळीस वर्षे साधे पाणी घालून आतून गंज चढलेला असतो, तो वेगळाच. इटलीत ७२ चा बोअर झाला म्हणून आपल्या हातातल्या ब्लॉकला तो सोसेल असे मानून चालणार नाही.

अॅल्युमिनियमचे हेड हा या इंजिनाचा नाजूक भाग. गाडी एकदा जरी तापून उकळली असेल तर हेड वाकते. सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासावे, पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्ला गेला आहे का पाहावे, लाल रंगाच्या डाय तपासणीने भेगा शोधाव्यात. टॅक्सीतून काढलेल्या हेडबद्दल विशेष सावध राहावे. मुंबईच्या टॅक्सी वर्षानुवर्षे सी.एन.जी.वर चालल्या, त्या कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्वची सीट खचत जाते. शिसेमिश्रित पेट्रोलही देशातून २००० साली गेले, आणि शिसे सीटला जो आधार देत होते तोही गेला. म्हणून नवे इंजिन बांधताना कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. यात काटकसर नको.

किती ताकद, कशासाठी

आता खरा निर्णय. गिऱ्हाइकाला विचारावे : गाडी कोठे चालणार? रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर, खंडाळ्याच्या घाटात, की रॅलीत? उत्तर बहुतेक वेळा पहिलेच असते. अशा गाडीला वरच्या फेऱ्यांवरची ताकद काय कामाची? तिला खालून ओढ हवी, गरम रस्त्यात शांत उभे राहणे हवे आणि पहिल्या सेल्फला सुरू होणे हवे.

तीन बेअरिंगच्या क्रँकची एक मर्यादा आहे. फिरणाऱ्या वस्तूचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार हजारावरून पाच हजार फेऱ्या म्हणजे सव्वापट. पण ताण सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त होतो. दोन सिलिंडरच्या मध्ये आधार नसलेली क्रँक तेथे वाकू लागते. म्हणून या इंजिनात पैसा खर्च करायचा तो फेऱ्या वाढवण्यासाठी नव्हे, समतोलासाठी. चारही पिस्टन, पिन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर तोलून एक-दोन ग्रॅमच्या आत आणावेत. रॉडचे मोठे टोक आणि छोटे टोक वेगवेगळे तोलावे. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यावी. हे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण गाडी चालवताना त्याच्या तळहाताला कळते. जुन्या फियाटचे स्टिअरिंग हातात थरथरले नाही तर तो दहा जणांना सांगतो.

कॉम्प्रेशनचा हिशेब वहीत मांडावा. एका सिलिंडरचे आकारमान २७२ सी.सी. समजा कॉम्प्रेशन साडेसात आहे; मग पिस्टन वर असताना राहणारी जागा साधारण ४२ सी.सी. असली पाहिजे. हेड उलटे ठेवून, व्हॉल्व आणि प्लग बसवून, काचेच्या मोजनळीने तेल ओतून चारही खोल्या मोजाव्यात आणि सारख्या कराव्यात. हेच ४२ ठेवून बोअर ७२ केला तर सिलिंडर ३०५ सी.सी.चा होतो आणि कॉम्प्रेशन हेडला हात न लावता सव्वा आठच्या वर जाते. हे न मोजता वर हेडही घासले, की इंजिन चढावर ठकठक करू लागते आणि मग दोष पेट्रोलला दिला जातो.

पेट्रोल बदलले आहे, हेही खरे. पंपावर आता २० टक्के एथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. एथेनॉलने ऑक्टेन वाढतो, ही जमेची बाजू. पण त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. जेट जरा मोठा लागतो. जुने रबर ते खाते, ओलावा धरते, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत व कार्ब्युरेटरच्या वाटीत गंज आणि पांढरी पूड साचवते. तेव्हा पेट्रोलची सगळी नळी, पंपाचा डायफ्राम, वाटीचे वॉशर हे एथेनॉल सोसणारे घ्यावेत. अंदाजपत्रकात ही ओळ अजूनही अनेक जण विसरतात.

कॅमशाफ्टबाबत आमचा सल्ला सनातनी आहे : मूळ आकाराचीच ठेवावी. जास्त वेळ व्हॉल्व उघडे ठेवणारी कॅम वर ताकद देते, खाली काढून घेते, आणि गाडी सिग्नलला अडखळत उभी राहते. आवाज रांगडा येतो म्हणून तरुण गिऱ्हाइकांना ती आवडते. त्याच तरुणाची आई मागे बसली की आवड संपते. कॅम नवी घातली तर टॅपेटही नवे घालावेत. जुन्या बुडाचे टॅपेट नव्या कॅमला पहिल्या तासातच खातात. त्याऐवजी हेडची भोके आणि मॅनिफोल्ड यांची तोंडे जुळवणे, व्हॉल्व तीन कोनांत कापणे, एक्झॉस्टची वाट मोकळी करणे आणि कार्ब्युरेटर नीट बसवणे यांतून मिळणारा फायदा स्वस्त आणि टिकाऊ. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले तरी काढलेले पॉइंट आणि मूळ भाग डबीत घालून, चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाला द्यावेत. उद्या त्याने गाडी मूळ रूपात आणायचे ठरवले तर आपले नाव निघते.

एवढी ताकद थांबवणार कोण, हेही विचारात घ्यावे. फियाटला चारी चाकांना ड्रम ब्रेक. इंजिनाचे अंदाजपत्रक देताना ब्रेक, क्लच, रेडिएटर आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग यांची तपासणी त्यात धरलीच पाहिजे. इंजिनाचे पैसे घेऊन जुन्या ब्रेकवर गाडी सोडणे आम्हाला पटत नाही. रेडिएटरच्या बाबतीत एक जुनी खोड सोडावी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. त्याने इंजिन सकाळी फार वेळ थंड राहते, पेट्रोल तेलात उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. रेडिएटरची जाळी साफ करा, नवी भरा, पाण्यात गंजरोधक कूलंट घाला आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवा.

आधी पिस्टन, मग बोअर

सामान कोणत्या क्रमाने जमवायचे, यावर अर्धे यश असते. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये. एका गॅरेजात आम्ही पाहिले : ब्लॉक मोठ्या उत्साहाने ६० साइजला बोअर करून ठेवलेला, आणि त्या साइजचे पिस्टन बाजारात नाहीत. ब्लॉक आठ महिने तेल लावून पडून होता. शेवटी चारही स्लीव्ह घालून परत मूळ मापावर आणावा लागला. दोन्ही कामांचा खर्च गॅरेजच्या अंगावर.

पिस्टन मिळाले की प्रत्येकाचे माप घ्यावे, त्यावर सिलिंडरचा नंबर टाकावा आणि बोअरिंगवाल्याला पिस्टनसह ब्लॉक द्यावा, म्हणजे प्रत्येक बोअर त्या त्या पिस्टनला जुळवून होन होईल. पिस्टन आणि बोअर यांच्यामधली जागा पिस्टन बनवणाऱ्याने दिलेली असते तीच ठेवावी. "थोडा टाइट ठेवतो, जास्त चालेल" हा जुना वाद येथे चालत नाही. रिंगच्या तोंडाची फट बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाउ, म्हणजे ६८ मिलिमीटरला अकरा थाउच्या आसपास. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून मोजावी, पाकिटावर विश्वास ठेवू नये.

जुना साठा म्हणून मिळणारे भाग घेताना डोळे उघडे ठेवावेत. डबा जुना आणि माल नवा नकली, असे प्रकार सुरू झाले आहेत. तीस वर्षे पडलेले तेल सील आणि गॅस्केट अस्सल असले तरी वाळलेले असतात. ते नवेच घ्यावेत. जुन्या स्पेअर पार्टचे जे दुकानदार हे वाचत असतील त्यांना आमची सूचना आहे की शिल्लक पडलेला फियाटचा माल किलोवर देण्याची घाई करू नका. यादी करा, मापे लिहा, कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या मिस्त्रींकडे ती यादी पोचवा. हौशी गिऱ्हाईक ज्या मेन बेअरिंगच्या संचासाठी तीन शहरे पालथी घालते, तो तुमच्या माळ्यावर असू शकतो.

पैशाची बोलणी

उक्ते काम घेऊ नये, एवढे आम्ही ठासून सांगतो. टॅक्सीच्या इंजिनाला उक्ता भाव चालत होता, कारण शंभर इंजिने केल्यावर सरासरी कळते. येथे प्रत्येक इंजिन पहिलेच.

त्याऐवजी रक्कम तीन भागांत लिहावी. सामानाचे पैसे गिऱ्हाइकाने आधी द्यायचे आणि बिले त्याच्या नावाने ठेवायची. बाहेरच्या कामाचे, म्हणजे बोअरिंग, ग्राइंडिंग, बॅलन्सिंगचे, जेवढे बिल तेवढे. आणि आपली मजुरी टप्प्यांनी : तपासणीला एक हप्ता, ब्लॉकचे काम बांधून झाल्यावर एक, इंजिन गाडीत बसून सुरू झाल्यावर एक, आणि शेवटचा पहिल्या सर्व्हिसनंतर. समजा एकूण अंदाज एक लाखाचा निघाला, तर वर वीस-पंचवीस हजार अनपेक्षित खर्चासाठी लागू शकतील असे त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. न लागले तर गिऱ्हाईक खूष. लागले तर भांडण नाही. दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के जी.एस.टी. आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचे सुटे भागही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी अंदाजपत्रकात कर वेगळा दाखवावा. मागाहून सांगितलेला कर गिऱ्हाइकाला फसवणूक वाटतो.

कागदावर आणखी दोन ओळी असाव्यात. इंजिन कोणत्या मापाचे होणार, आणि गाडी मूळ रूपात राहणार की बदललेली. खाली दोघांच्या सह्या. ओळखीचा माणूस आहे, वडिलांपासूनचे संबंध आहेत, कागद कशाला, असे म्हणणारे बरेच भेटतात. संबंध टिकवायचे असतील तर कागद त्यांच्याशीच जास्त करावा.

काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत आणि मापांची वही इंजिनाबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी : बोअर किती, जर्नल किती, रिंगची फट किती, रॉड आणि हेडचे बोल्ट किती टॉर्कला आवळले. परदेशात इंजिन बांधणारे असा कागद देतात आणि त्याचेही पैसे घेतात. आपल्या शागिर्दालाही त्यातून शिकायला मिळते. उस्तादाच्या बोटांतले माप वहीत उतरले नाही तर ते उस्तादाबरोबरच जाते.

पहिले हजार किलोमीटर

इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून, तेलाचा दाब घड्याळात चढेपर्यंत सेल्फने फिरवावे. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू होताच त्याला मंद चालू ठेवू नये. दोन हजारांच्या आसपास वीस मिनिटे, पाण्याचे तापमान बघत. कॅमवर तेल उडते ते क्रँकच्या फिरण्याने, मंद गतीत ते पुरत नाही. तेलही विचार करून घ्यावे. आजच्या नव्या गाड्यांच्या पातळ तेलात जस्ताचे मिश्रण कमी केलेले असते आणि सपाट टॅपेटच्या इंजिनाला ते हवे असते. जुन्या इंजिनांसाठीचे २०-५० चे घट्ट खनिज तेल घ्यावे.

गिऱ्हाइकाला चावी देताना सांगावे की पहिले काही दिवस गाडी फार हळू चालवूनही उपयोग नाही. रिंग बोअरवर बसायला दाब लागतो. मध्यम वेगात थोडी ओढ देऊन सोडावी, घाटात रेटू नये, एकाच वेगात तासन्‌तास पळवू नये. दोन-तीनशे किलोमीटरवर पहिले तेल काढून त्यात चमक आहे का पाहावे आणि फिल्टर कापून बघावा. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने क्रमाने आवळावेत आणि लगेच टॅपेट लावावेत, कारण हेड बसले की टॅपेटची फट बदलते. हजार किलोमीटरला पुन्हा तेल, पुन्हा टॅपेट, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून वहीत शेवटची नोंद, आणि मजुरीचा राहिलेला हप्ता.